कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) आधीच खासगी विद्यापीठाचं ऑफर लेटर आलंय, पैसे भरावेत का?

बार्शीकर_आई

नमस्कार मंडळी. लेकीला यंदा एमएचटी-सीईटीला (पीसीएम) ९४.६ पर्सेंटाइल आहेत. जेईई मेनही दिली, पण तिथलं सांगण्यासारखं काही नाही. घर बार्शीला, अकरावी-बारावी लातूरला केली. तिला इंजिनिअरिंगला कंप्युटर किंवा आयटी हवं, तेही पुण्यातच. अगदीच नाही तर ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन). आम्ही ओपनमध्ये, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या बरंच आत.

पुण्याकडच्या एका खासगी विद्यापीठाचा फॉर्म तिने मार्चमध्ये मैत्रिणींबरोबर भरून ठेवला होता. काल त्यांचं ऑफर लेटर मेलवर आलं. कंप्युटरला जागा मिळाली आहे, शुल्कात २५ टक्के 'मेरिट स्कॉलरशिप'. पण रविवारच्या आत एक लाख रुपये भरले तरच, नाहीतर सवलत गेली आणि जागेची खात्री नाही. सवलत धरूनही वर्षाचे पावणेतीन लाख होतात, वसतिगृह वेगळं. रोज फोन येतो. बोलणारी मुलगी फार गोड बोलते, "काकू, कॅपमधून या पर्सेंटाइलला पुण्यात कंप्युटर विसराच" म्हणते. यजमान म्हणतात, भरून मोकळे होऊ. लेकीने तर इन्स्टावर त्या कॅम्पसचे व्हिडिओ पाहून खोलीसुद्धा ठरवली आहे. कॅपची फेरी लागायला अजून महिना तरी जाईल. काय करावं?

हडपसरचा_बाबा

आम्हीही याच होडीत, फक्त विद्यापीठ वेगळं आणि तारीख शुक्रवारची. वाचत बसतो.

चौथी_फेरी

ताई, मी काही वर्षं एका कॉलेजच्या प्रवेश कक्षात काम केलं आहे, त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्यात. आधी एक गोष्ट नीट तपासा: तुम्हाला आलेलं पत्र कॉलेजचं आहे की स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे खासगी, विद्यापीठाचं? पुण्यात एकाच संस्थेचं एक कॉलेज सीईटी सेलच्या कॅपमध्ये आणि त्याच आवारात, कधीकधी त्याच इमारतीत, एक विद्यापीठ कॅपच्या बाहेर अशी परिस्थिती आहे. फाटक एक, नाव जवळपास एक, पण प्रवेश, शुल्क आणि शिष्यवृत्ती या तिन्ही बाबतींत दोन वेगळी जगं. विद्यापीठही सीईटीचे पर्सेंटाइल विचारतं, म्हणून लोकांना वाटतं हेही सरकारी प्रक्रियेतच आहे. नसतं.

दुसरं, पत्राची सगळी पानं वाचा. पहिल्या पानावर अभिनंदन असतं, कामाचं शेवटी असतं. बारावीच्या गुणांची अट आहे का, सवलत चारही वर्षं आहे की फक्त पहिल्या, पुढच्या वर्षी ती टिकायला किती सीजीपीए लागतो, दरवर्षी शुल्क किती टक्क्यांनी वाढेल. "२५ टक्के" हा आकडा बऱ्याचदा पहिल्या वर्षापुरताच असतो.

आणि रविवार ही तारीख त्यांच्या सोयीची आहे. कॅपच्या आधी जितकी मुलं पैसे भरून बांधली जातील तितकं त्यांचं बरं, कारण कॅपची पहिली फेरी लागली की यांच्याकडची बरीच मुलं गळतात.

बार्शीकर_आई

पत्र विद्यापीठाचंच आहे, आत्ता पाहिलं. सवलत "प्रथम वर्षासाठी, पुढील वर्षी कामगिरीनुसार" असं बारीक अक्षरात आहे. यजमानांना वाचून दाखवलं, गप्प झाले.

पण समजा एक लाख भरले आणि नंतर कॅपमध्ये मिळालं, तर पैसे परत मिळतात ना? ती मुलगी म्हणते शंभर टक्के रिफंडेबल.

नियमावली

तोंडी सांगण्याला किंमत नाही, तिला मेलवर लिहून द्यायला सांगा. लिहून देत नाहीत, हाच अनुभव येईल.

नियम असा. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१८ मध्ये परताव्याचे टप्पे ठरवून दिले. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर १०० टक्के, त्यातून प्रक्रिया शुल्क म्हणून ५ टक्के, पण ५,००० रुपयांच्या वर नाही. मग ९० टक्के, ८० टक्के, ५० टक्के असं उतरत जातं आणि शेवटच्या तारखेनंतर ३० दिवस उलटले की काहीच नाही. नंतरच्या काही वर्षांत यूजीसीने जास्त सवलत दिली. २०२४-२५ ला ३० सप्टेंबरपर्यंत रद्द केल्यास पूर्ण पैसे आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये कापून, असं होतं. यंदाचं परिपत्रक यूजीसीच्या संकेतस्थळावर बघून घ्या. हे खासगी विद्यापीठांनाही लागू आहे.

याहून महत्त्वाचं म्हणजे मूळ कागद. त्याच २०१८ च्या परिपत्रकात मूळ गुणपत्रिका, दाखला वगैरे संस्थेने ठेवून घेऊ नयेत असं स्पष्ट आहे. पाहायचे आणि परत द्यायचे. तरी मागतात. एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) दिलीत तर कॅपमध्ये जागा मिळाल्यावर कॉलेजात काय दाखवणार? पैसे अडकले तर त्रास होतो, एलसी अडकली तर प्रवेश जातो.

तळेगावकर

नियम कागदावर छान आहेत. आमच्या पुतणीचे पैसे २०२३ ला एका विद्यापीठात भरले होते, ऑगस्टमध्ये रद्द केला. परतावा मिळाला, पण दिवाळीनंतर, तोही यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार टाकल्यावर. तोपर्यंत कॉलेजचे पैसे वहिनीच्या भावाकडून उसने आणले. तेव्हा एक लाख चार-पाच महिने बाहेर राहिले तरी चालेल का, हे आधी बघा. चालत नसेल तर रिफंडेबल म्हणजे नॉन-रिफंडेबलच समजा.

लेस्टरची_मावशी

इकडे इंग्लंडमध्ये माझ्या मुलाचं याच वर्षी चाललंय, गंमत म्हणून सांगते. यूकासवर (विद्यापीठ प्रवेशांच्या सामाईक पोर्टलवर) पाच पर्याय भरायचे. विद्यापीठं ऑफर देतात, बहुतेक 'कंडिशनल', म्हणजे ए-लेव्हलला (इथल्या बारावीला) अमुक ग्रेड आल्या तर. त्यातली एक 'फर्म' (पहिली पसंती) धरायची, एक 'इन्शुरन्स' (राखीव). ऑगस्टच्या मध्यात निकाल लागतो. ग्रेड आल्या तर विद्यापीठाला मागे फिरता येत नाही, त्यांच्यावरही बंधन असतं. आणि जागा धरून ठेवायला इथल्या मुलांना पैसे भरावे लागत नाहीत. नाहीच जमलं तर क्लिअरिंग, म्हणजे उरलेल्या जागांची फेरी, आहे.

चौथी_फेरी

मावशी, "त्यांच्यावरही बंधन" हे वाचून हेवा वाटला. इथे सगळं बंधन पालकांच्या खिशावर.

संपादक_मंडळ

परदेशी प्रवेशांसाठी वेगळा धागा आहे, तिथे जरूर लिहा. इथे कॅपपुरतं ठेवूया.

माई_सोलापूर

अगं बार्शीकर, सगळे परताव्याचं बोलत बसले आणि मुख्य गोष्ट कुणी विचारलीच नाही. ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला काढलाय का?

८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुली, पालकांचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत, कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. पूर्वी ५० टक्के होतं. खासगी विनाअनुदानित कॉलेजातसुद्धा. पण नीट वाच: खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळली आहेत. व्यवस्थापन कोटा आणि संस्थास्तरावरचे प्रवेशही वगळलेत. म्हणजे तुला पत्र आलंय तिथे लेक गेली तर ही माफी नाही. चार वर्षांचे दहा-अकरा लाख एका बाजूला आणि डेव्हलपमेंट फी, वसतिगृह, खानावळ एवढंच दुसऱ्या बाजूला. त्या २५ टक्क्यांचं मग काय राहतं सांग.

उद्या सकाळीच सेतू केंद्रात जा. उत्पन्नाचा दाखला आधी, मग ईडब्ल्यूएस. राज्याचा नमुना वेगळा, केंद्राचा वेगळा. कॅपला राज्याचा लागतो. दाखला हातात असला की कॅपमध्ये ईडब्ल्यूएसच्या १० टक्के जागांसाठीही विचार होतो.

बार्शीकर_आई

माई, हात जोडले. आम्हाला वाटायचं ओपन म्हणजे काहीच नाही. जूनमध्ये सेतूत केवढी रांग असते, पण जाते उद्याच.

हडपसरचा_बाबा

माझा मुलगा आहे, ओपन, उत्पन्न साडेसहा. त्याला काही?

माई_सोलापूर

राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, शिक्षण शुल्काच्या ५० टक्के. तीही कॅपमधून आलेल्यांनाच, महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) फॉर्म भरायचा. शिवाय टीएफडब्ल्यूएस (शिक्षण शुल्क माफी योजना) बघा: मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा, आठ लाखांच्या आतल्या कुणालाही, मुलगा असो वा मुलगी, शिक्षण शुल्क माफ. त्याचा चॉइस कोड वेगळा असतो, आपण टाकला तरच मिळतो. कटऑफ वर जातो त्याचा, आणि नंतर शाखा बदलता येत नाही.

निवांत_पालक

थोडा विरोधी सूर लावतो. माझा मुलगा अशाच एका विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. कॅपमध्ये त्याला मेकॅनिकल मिळत होतं, त्याला डेटा सायन्स हवं होतं. शिकवतात बरं, प्रयोगशाळा चांगल्या आहेत, अभ्यासक्रम दरवर्षी बदलतात. आम्हाला परवडत होतं, घेतलं. फोनवाल्यांचा राग मलाही येतो, पण सगळी खासगी विद्यापीठं म्हणजे लुटारूच असं इथे चित्र उभं राहतंय, ते बरोबर नाही. ज्याला शिष्यवृत्ती लागू नाही आणि ठरावीक शाखाच हवी आहे, त्याचं गणित वेगळं.

तळेगावकर

मान्य. पण ताईंना शिष्यवृत्ती लागू आहे हाच तर मुद्दा आहे.

चौथी_फेरी

आणखी एक बाब. लेकीची बारावी लातूरची आहे. कॅपमध्ये 'होम युनिव्हर्सिटी' घरच्या पत्त्यावरून धरत नाहीत, बारावी जिथून झाली तिथून धरतात. घर बार्शी म्हणून सोलापूर विद्यापीठ असं समजाल, तर तसं नाही. तिचं होम युनिव्हर्सिटी नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. पुण्याच्या बहुतेक खासगी कॉलेजांत ७० टक्के जागा पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना. ती त्या ३० मध्ये. म्हणून मागच्या वर्षीचे कटऑफ बघताना 'होम'चा रकाना पाहून हुरळू नका, 'अदर दॅन होम'चा बघा. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय यांना हे होम-अदर नाही, राज्यस्तरावर असतात, पण तिथे कंप्युटरला ओपनला ९९ च्याही पुढे लागतं.

मुलींसाठी ३० टक्के जागा असतात. वेगळं काही भरावं लागत नाही, आपोआप दोन्हीकडे विचार होतो.

लातूर_पॅटर्न

पर्यायांचा क्रम लावताना एक युक्ती सांगतो. पहिल्या दहात हमखास मिळणारी कॉलेजं टाकायची, मोठी नावं खाली. म्हणजे रिकाम्या हाती राहत नाही. माझ्या क्लासच्या सरांनी सगळ्यांना हेच सांगितलं होतं.

चौथी_फेरी

सरांना नमस्कार, पण हे साफ चुकीचं आहे आणि दरवर्षी यात मुलांचं नुकसान होतं.

जागावाटप गुणवत्ता क्रमांकाने चालतं. तुमचा क्रमांक आला की संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो आणि जिथे पहिली जागा शिल्लक सापडते तिथे थांबतो. वर सीओईपी टाकलं आणि नाही मिळालं तर तुम्ही काहीही गमावत नाही, तो खालच्या पर्यायावर जातो. खालच्या कॉलेजाला कळतही नाही की तुम्ही त्याला चाळिसावं ठेवलं होतं. उलट हमखास मिळणारं वर टाकलंत तर ते हमखास मिळेल आणि त्याच्या वरचं, जे कदाचित मिळालं असतं, ते गेलं.

यंदा, २०२५ च्या कॅपमध्ये, याला आणखी धार आली आहे. तीनऐवजी चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप फ्रीज. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काहीही मिळालं की फ्रीज. तिसरीत पहिल्या सहापैकी. चौथीत जे मिळेल ते. फ्रीज झालं की पुढच्या फेऱ्यांतून बाहेर, घ्या किंवा कॅप सोडा. तेव्हा पहिल्या सहा ओळींत असं एकही नाव नको जिथे मुलगी रडत जाईल. सुरक्षित पर्याय हवेतच, भरपूर हवेत, पण खाली.

लातूर_पॅटर्न

मग सर असं का सांगतात?

तळेगावकर

क्लासच्या फलकावर "आमच्या सर्व विद्यार्थ्यांना पहिल्याच फेरीत प्रवेश" लिहायला बरं पडतं म्हणून.

बार्शीकर_आई

अपडेट देते. रविवार गेला, पैसे भरले नाहीत. सोमवारी फोन आला नाही. बुधवारी आला: "काकू, तुमच्यासाठी खास मॅनेजमेंटशी बोलून मुदत वाढवून घेतली आहे." पुढच्या आठवड्यात परत, या वेळी सवलत ३० टक्के. यजमान पहिल्यांदा हसले.

ईडब्ल्यूएसचा दाखला मिळाला. सेतूवाल्याने तीन खेपा घालायला लावल्या, ते असो. कॅपची नोंदणी आणि कागदपत्रांची पडताळणी झाली. यादीत साधारण नव्वद पर्याय भरलेत, लेकीने स्वतः क्रम लावला. पहिल्या सहांवरून घरात दोन दिवस भांडण. तिचे बाबा म्हणत होते सोलापूरचं एक तरी वर घाल.

नियमावली

आणि कॉलेजवाले जितकं शुल्क सांगतील ते शुल्क नियामक प्राधिकरणाच्या यादीशी ताडून बघा. कॅपमधल्या खासगी कॉलेजांचं मंजूर शुल्क तिथे असतं. त्याच्या वर एक रुपया मागितला तर पावती मागा. देणगीला १९८७ च्या कायद्याने बंदी आहे, पावती मागितली की आवाज खाली येतो.

बार्शीकर_आई

पहिली फेरी लागली. सतरावा पर्याय, पुण्याच्या कडेचं एक कॉलेज, ईअँडटीसी, ईडब्ल्यूएसमधून. लेक खोलीत जाऊन बसली आहे. आता फ्रीज करायचं की बेटरमेंट? बेटरमेंट घेतलं तर ही जागा हातची जाईल का?

चौथी_फेरी

नाही जात. १,००० रुपये जागा स्वीकृती शुल्क भरा, बेटरमेंट निवडा. पुढच्या फेरीत वरचं मिळालं तर ही आपोआप सुटते, नाही मिळालं तर ही राहते. एसटीत रुमाल टाकून पुढच्या सीटवर डोळा ठेवण्यासारखं आहे, फक्त इथे रुमाल कंडक्टरला मान्य आहे.

एकच काळजी. दुसऱ्या फेरीचा फॉर्म नव्याने भरताना या सतराव्याच्या खालचं काहीही टाकू नका. फक्त त्याहून बरे वाटणारे सोळाच ठेवा. चुकून खालचं टाकलंत आणि ते मिळालं तर हातातली जागा जाते. आणि आता पहिले तीन फ्रीज होणार, तेव्हा त्या तिघांकडे परत एकदा बघा.

पहिल्या फेरीचे यंदाचे कटऑफही आता जाहीर आहेत, मागच्या वर्षीपेक्षा तेच कामाचे. तिचा क्रमांक कुठल्या कॉलेजच्या किती जवळ थांबला ते पाहा. दुसऱ्या फेरीत वरची मुलं जोसा (आयआयटी-एनआयटीचे प्रवेश), इतर राज्यं, इकडे तिकडे सरकतात, तेवढी फट पडते.

हडपसरचा_बाबा

आमचं सांगायचं राहिलं. आम्ही शुक्रवारी पन्नास हजार भरले होते, मूळ कागद दिले नाहीत, इथे वाचून. मुलाला पहिल्याच फेरीत पहिला पर्याय, मेकॅट्रॉनिक्स, त्याला तेच हवं होतं. आता रद्द करण्याचा अर्ज मेलने आणि पोस्टाने दोन्हीकडून पाठवलाय. उत्तर आलं, "प्रक्रियेत आहे".

नियमावली

मेलची तारीख जपून ठेवा. परताव्याचा टप्पा अर्जाच्या तारखेवरून ठरतो, त्यांनी तो उघडला कधी यावरून नाही.

बार्शीकर_आई

दुसरी फेरी. तिसरा पर्याय, आयटी, पुणे. म्हणजे आपोआप फ्रीज. लेकीचं पहिलं कॉलेज थोडक्यात हुकलं, त्यावरून अजून धुसफूस चालू आहे, पण बॅग भरायला घेतली आहे.

काल प्रवेश निश्चित करायला गेलो. खिडकीवर आधी पूर्ण शुल्क भरायला सांगितलं, "शिष्यवृत्तीचे पैसे आले की परत देऊ." माई, तुमच्या सांगण्यावरून शासन निर्णयाची प्रत नेली होती. ती काढल्यावर आतून एक सर आले, मग डेव्हलपमेंट फी आणि किरकोळ धरून जे होतं तेवढंच घेतलं. महाडीबीटीचा अर्ज लगेच भरायला सांगितलाय. कॉलेजचं वसतिगृह भरलं आहे, कोथरूड-वारजे भागात मुलींचं बरं वसतिगृह कुणाला माहीत असेल तर मला निरोप पाठवा.

माई_सोलापूर

छान झालं गं. महाडीबीटीला आधार जोडलेलं बँक खातं लेकीच्या नावाचं लागेल, ते आधी बघ. अर्ज दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो, दुसऱ्या वर्षी विसरतात लोक.

वसतिगृहासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजनाही बघ, तिच्या अटी वेगळ्या आहेत.

नगरची_सून

उशिरा आले धाग्यावर. आमचं ओबीसी, नॉन-क्रिमीलेअर मागच्या वर्षी काढलेलं आहे, तेच चालेल का?

नियमावली

दाखल्यावर "वैध दिनांक" पाहा. ३१ मार्च २०२५ असेल तर संपलं, नवं काढा. जात वैधता प्रमाणपत्र आहे ना? नसेल तर जात पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती आजच काढून ठेवा.